नॉस्ट्रँड अव्हेन्यूवरची त्रिनिदादी बेकरी : डबल्स, पाउ आणि करंट्स रोल

पाटावरवंटा

न्यूयॉर्क परिसरातले आपले खादाडीचे धागे बघितले तर गाडी जॅक्सन हाइट्सवरून सुटते ती थेट एडिसनला, म्हणजे एका देशी वस्तीतून दुसऱ्या देशी वस्तीत, जाऊन थांबते. मधे ब्रुकलिन नावाचा पंचवीस लाखांवर वस्तीचा भाग आहे, याची कोणी दखलच घेत नाही. आम्ही क्राउन हाइट्सला राहायला आलो तेव्हा 'तिकडे खायला काय मिळणार गं तुला' असं ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांच्यासाठी हा धागा.

नॉस्ट्रँड अव्हेन्यूवर, ईस्टर्न पार्कवेपासून चालत जाता येईल अशी एक त्रिनिदादी बेकरी आहे (त्रिनिदाद म्हणजे वेस्ट इंडीजमधलं बेट). नाव देत नाही, जाहिरातीचा आळ येऊन धागा उडायला नको. तसंही त्या भागात अशा बऱ्याच जागा आहेत आणि मी लिहितेय ते थोड्याफार फरकाने सगळीकडे लागू पडतं. बाहेरून बघून आत शिरावं असं काही नाही. काचेवर हाताने लिहिलेले कागद, गल्ल्यापुढे जाड पारदर्शक पत्रा, बसायला जागा नाही. खिडकीशी एक फळी आहे, तिच्यावर कोपर टेकून उभ्याने खायचं किंवा पिशवी घेऊन चालू पडायचं.

आत काचेच्या कपाटाचे तीन भाग. डावीकडे बेकरीचा माल: करंट्स रोल, कोकोनट ड्रॉप्स, खोबरं-मनुका घातलेला स्वीट ब्रेड, हॉप्स नावाचे वरून कुरकुरीत आणि आतून पोकळ असे गोल पाव. मधे गरम कपाटात डबल्स, आलू पाय, फुलौरी, सहीना. आणि उजवीकडे वाफेच्या ट्रेमध्ये चाउमीन, काळपट फ्राइड राइस, चायनीज फ्राइड चिकन, पेपर श्रिम्प. त्यांच्या शेजारी स्ट्यू चिकन, कलालू, मॅकरोनी पाय. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, तीन दुकानांनी मिळून भाडं वाचवलंय. पण त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या माणसाला यात काहीच वावगं दिसत नाही. त्याच्या घरी रविवारी कलालू, शुक्रवारी कंटाळा आला की चायनीज आणि सकाळी कामावर जाताना रस्त्यात डबल्स, हे असंच चालत आलेलं आहे.

आधी डबल्स. हळद घातलेल्या आंबवलेल्या मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या पोळ्या, त्यांना 'बारा' म्हणतात (आकडा नव्हे). त्या एकमेकींवर अर्ध्या सरकवून कागदावर ठेवायच्या, वर पळीभर पातळसर छोले, मग चिंचेची चटणी, किसलेली काकडी, कुचेला म्हणजे कैरीच्या किसाचं लोणचं, आणि पेपर सॉस. गल्ल्यावरची बाई हे सगळं इतक्या झटक्यात करते की आपण पैसे काढेपर्यंत कागदाला पीळ मारलेली पुडी समोर येते. मागायचं कसं तेही शिकून घ्या: 'टू डबल्स, स्लाइट.' स्लाइट म्हणजे तिखट बेताने. त्याच्या पुढची पायरी मीडियम, आणि 'हेवी' हा शब्द तोंडातून काढण्याआधी घरच्यांचा विचार करावा. ही स्कॉच बॉनेटच्या जातीची मिरची आहे. आधी फळासारखा सुगंध येतो, आपण बेसावध होतो, मग ती येते.

डबल्स घरी नेऊन खाऊ नका. वाफेने बारा चिकट होतो आणि छोले कागदात झिरपतात. उभ्याने, दोन्ही हातांनी, पुढे वाकून. काटा मागितलात तर देतील, पण मागे रांगेत उभे असलेले काका तुमच्याकडे कसे बघतात ते बघा.

आता चायनीज बाजू. माझ्या मते धागा काढण्यासारखं जे आहे ते हेच. चिकनला आलं, लसूण, सोया सॉस, पंचमसाला आणि तिथलं हिरवं वाटण लावून मुरवतात. वाटणात शॅडो बेनी (कोथिंबिरीसारख्या वासाची लांबट पानं), थाइम आणि पातीचा कांदा. जाड पिठाचं आवरण नाही. तळलं की कातडी गडद तपकिरी होते, मग सुरीने हाडासकट खटाखट तुकडे आणि फ्राइड राइसवर. वर लसणाचा सॉस आणि पुन्हा तोच पेपर सॉस. थाइम आणि पंचमसाला एका घासात आले की आधी जीभ गोंधळते, पण दोनचार घासांत तिला पटतं. चाउमीनमध्ये पाचोय असते (बॉक चॉयला तिथे पाचोय म्हणतात) आणि बरेचदा चायोटे (एक फळभाजी). आणि पाउ: वाफवलेला पांढराशुभ्र बन, आत गोडसर लाल डुकराचं मांस, नाहीतर चिकन. तो दुपारपर्यंत संपतो. शनिवारी तर अकरालाच.

बेकरीतलं सगळंच मला आवडतं असं नाही. कोकोनट ड्रॉप्स दगडासारखे असतात, चहात बुडवल्याशिवाय दात लागत नाही. स्वीट ब्रेड बरा. पण करंट्स रोल! पापुद्र्याच्या पिठावर लोणी, साखर, दालचिनी आणि बारीक काळ्या मनुका पसरून गुंडाळी करायची, भाजायची, वरून साखरेचा पाक, आणि तिरके काप. मधला काप मागा, कडेच्या कापात मनुका कमी असतात.

बरोबर प्यायला मॉबी (झाडाच्या सालीचा कडूगोड काढा, सर्वांना झेपत नाही), पीनट पंच किंवा सॉरेल. सॉरेल म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं आलं-लवंग घातलेलं सरबत.

या जेवणाला फ्यूजन म्हणू नका एवढी एकच विनंती. कोणा शेफने बसून जुळवलेलं हे नाही. तुमचे अनुभव लिहा.

---

मिरचीशेठ

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं). फोटू कुठाय? फोटूशिवाय पाककृती आणि खादाडीचा धागा म्हणजे नुसता छळ.

आणि ताई, 'हेवी' बद्दल एवढं घाबरवताय, आम्ही कोल्हापूरचे.

---

पाटावरवंटा

शेठ, त्रिनिदादच्या मोरुगा गावच्या स्कॉर्पियन मिरचीला २०१२ मध्ये न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठाच्या मिरची संस्थेने जगातली सर्वांत तिखट म्हणून जाहीर केलं होतं. सरासरी बारा लाख स्कोव्हिल (तिखटपणाचं एकक), एखादं फळ वीस लाखांवर. बेकरीच्या सॉसमध्ये ती नसते, तिची मवाळ बहीण असते. तरी कोल्हापूरचा दाखला गल्ल्यावर चालत नाही.

फोटो काढायचं राहतंच. दोन्ही हात भरलेले असतात.

---

कल्याण_लोकल

छान लिहिलंय, पण एक शंका. हे शेवटी छोले-भटुरेच झाले ना? आलू पाय म्हणजे लांबट समोसा, फुलौरी म्हणजे भजी. आपल्याच लोकांनी नेलेलं आपलंच खाणं, फक्त नावं बदललीत. त्यासाठी ब्रुकलिनला कशाला जायचं?

---

पाटावरवंटा

आपल्याच लोकांनी नेलं हे खरं, पण नेलं ते छोले-भटुरे नव्हतेच. डबल्सची सुरुवात त्रिनिदादमधल्या प्रिन्सेस टाउन इथे १९३६ च्या सुमारास दीन कुटुंबाने केली असं मानलं जातं. म्हणजे भारतीय मजुरांचं पहिलं जहाज तिथे लागल्यानंतर नव्वद वर्षांनी, तिथेच जन्मलेला पदार्थ. छोल्यांत कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही नाही, आमचूर नाही. कढईत तेलावर पाण्यात कालवलेली करी पावडर परतायची, जिरं भाजून घालायचं, शेवटी शॅडो बेनी. भोजपूर भागातल्या कुठल्याही गावात जाऊन डबल्स मागा, मिळणार नाहीत.

वडापावातला बटाटा दक्षिण अमेरिकेतून आला, पाव पोर्तुगीजांमुळे. म्हणून दादर स्टेशनाबाहेर उभं राहून कोणी 'हे शेवटी पोर्तुगीज खाणंच ना' म्हणालं तर आपण काय करू?

---

कल्याण_लोकल

डोंबिवलीपर्यंत पाठलाग करू :) पटलं. तरी फुलौरी ही भजीच.

---

अळूचंपान

फुलौरीबद्दल कल्याणकरांशी सहमत, फक्त ती बेसनाची नाही. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीच्या पिठाची असते आणि त्यात बरेचजण यीस्ट किंवा बेकिंग पावडर घालतात, म्हणून स्पंजासारखी फुगते.

माझा जीव मात्र सहीनात. डशीन म्हणजे अळू. पानांना त्याच डाळीचं पीठ फासून, एकावर एक रचून, गुंडाळी करून, काप करून तळायचं. चिंचगुळाचा आंबटगोडपणा आत नसतो, तो बाहेरून चटणीतून येतो. आमच्या कोकणातल्या वडीशी तुलना केली तर सहीना जाडजूड आणि मऊ, कुरकुरीतपणा कमी. मला आमची वडी जास्त आवडते हे सरळ सांगते. पण अळूचं जे दुसरं रूप आहे, कलालू, तिथे मात्र त्यांनी बाजी मारली. अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध, भोपळा, कधी खेकडा. शिजवून घोटलेलं. भाताबरोबर खाल्लं तर फदफद्याची आठवण येईल, पण नारळाच्या दुधामुळे हे प्रकरण वेगळ्याच उंचीवर जातं. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या स्वयंपाकातून ते आलंय. त्यामुळे त्या कपाटात भारत आणि चीन एवढे दोनच देश आहेत असं समजू नका.

---

इतिहासाचा_कीडा

अळूताईंच्या शेवटच्या वाक्याला +१. थोडी जंत्री देतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने बंद झाली, पण 'उमेदवारी'च्या नावाखाली १ ऑगस्ट १८३८ पर्यंत लोकांना मळ्यांवर राबवलं. सुटका झाल्यावर त्यांनी उसाच्या मळ्यांकडे पाठ फिरवली. मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन त्रिनिदादला लागलं. १९१७ मध्ये गिरमिट (करारावरची मजुरी) प्रथा बंद होईपर्यंत सुमारे १,४४,००० भारतीय तिथे गेले. बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधले, काही मद्रासमार्गे. ३० मे ही तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

आता गंमत अशी की चिनी लोक भारतीयांच्या आधी पोचले होते. १८०६ मध्ये 'फॉर्टिट्यूड' जहाजातून सुमारे दोनशे चिनी आणले होते. गुलामांचा व्यापार बंद होणार हे दिसत होतं, तेव्हा चिनी शेतकरी वसवून बघावेत हा सरकारी प्रयोग. तो फसला, बहुतेक परत गेले. मग १८५३ ते १८६६ या काळात गिरमिटावर अडीच हजारांच्या आसपास आले, ग्वांगडाँग प्रांतातून, त्यांत हाक्का आणि कँटोनीज हे दोन चिनी समाज. १८६६ च्या करारात परतीचं भाडं मालकाने द्यायचं अशी अट आली आणि मळेवाल्यांना चिनी मजूर परवडेनात. भारतातून मजूर येतच राहिले.

मुदत संपली की चिनी माणूस मळ्यात थांबत नसे. खेड्याच्या नाक्यावर दुकान टाकायचा: तांदूळ, खारवलेला मासा, रॉकेल, पीठ, उधारीची वही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वखुशीने आलेल्यांनीही तेच केलं: वाणसामान, धुलाई, बेकरी, खानावळ. गिऱ्हाईक आफ्रिकी आणि भारतीय वंशाचं. आता अशा गिऱ्हाइकासाठी कोंबडी तळायची तर थाइम आणि मिरची येणारच. पाटावरवंटाताई 'फ्यूजन म्हणू नका' म्हणतात त्याचं कारण मला तरी हे दुकान वाटतं. जे गिऱ्हाईक दारात येतं त्याच्या जिभेला धरून दुकानदार शिजवतो.

आकडा छोटा असला तरी या समाजाचा ठसा मोठा. त्रिनिदादचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर आणि १९६२ च्या स्वातंत्र्यानंतरचे पहिले गव्हर्नर जनरल सर सॉलोमन होचॉय हे हाक्का वंशाचे. त्रिनिदादच्याच सॅन फर्नांडोत जन्मलेले युजीन चेन तर १९२० च्या दशकात चीनचे परराष्ट्रमंत्री झाले.

---

मिरचीशेठ

कीडा भाऊ, जंत्री झकास. वाखू (वाचनखूण) साठवली. अवांतर: पोर्ट ऑफ स्पेन म्हटलं की आम्हाला १९७१ आठवतं. वाडेकरांचा संघ, वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी विजय, गावसकरांचं पदार्पण, ६५ आणि नाबाद ६७.

---

कल्याण_लोकल

आणि त्याच मैदानावर शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२०! मालिकेत ७७४. शिवाय १९७६ चा ४०३ चा पाठलाग, तोही तिथेच.

---

संपादक मंडळ

क्रिकेटसाठी स्वतंत्र धागे आहेत. कृपया मूळ विषयावर यावे.

---

निव्वळशाकाहारी

माझा नेहमीचा प्रश्न. डबल्समध्ये अंडं, दूध? आणि तेल एकच असतं का? मिस्टर खातात सगळं, पण मला विचारावंच लागतं.

---

पाटावरवंटा

डबल्समध्ये अंडं नाही, दूध नाही, तूप नाही. आलू पाय, फुलौरी, सहीना यांचंही तेच. मात्र उजवीकडच्या बाजूला डुक्कर, कोळंबी सगळं आहे, आणि छोट्या जागेत कढई वेगळी असेलच असं नाही. सरळ विचारा, खरं सांगतात. काही जागा हलाल असतात, तिथे डुक्कर नसतं आणि पाउ चिकनचे मिळतात. शाकाहारी चाउमीन मागितली तर ती आधी चिकनच्या रस्श्यात शिजवलेली आहे का तेही विचारून घ्या. कलालूतही खेकडा किंवा खारवलेलं मांस असू शकतं.

तुमच्यासाठी सर्वांत सोपं म्हणजे दाल पुरी. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून वाटून, भाजलेलं जिरं घालून पोळीत भरतात. पुरणपोळीचं कौशल्य, पण तिखटमिठाचं. ती मोठी लाटून तिच्यात बटाटा-छोले, भोपळा किंवा चवळीच्या शेंगांची भाजी गुंडाळून देतात. एक खाल्ली की रात्रीचं जेवण नको.

---

क्वीन्सकर

धागा ब्रुकलिनचा आहे हे मान्य, पण क्वीन्समधल्या रिचमंड हिलचं नाव निघू नये हा अन्याय आहे. ए ट्रेनने लेफर्ट्स बुलेव्हार्डला शेवटपर्यंत या, खाली उतरलं की लिबर्टी अव्हेन्यू. इथे गयानी लोक जास्त, त्रिनिदादीही आहेत. साड्यांची दुकानं, पूजेचं सामान, रोटीची दुकानं, आणि वसंतात फगव्याची मिरवणूक. फगवा म्हणजे होळी.

पाटावरवंटाताईंच्या बेकरीत नसेल असा एक पदार्थ सांगतो: चायनीज केक. गयानी बेकरीत मिळतो. तळहातापेक्षा लहान, गोल, पापुद्र्याचा, वर मधोमध लाल रंगाचा एक ठिपका. आत चवळीचं गोड पुरण. चिनी लोकांच्या डाळीचं सारण भरलेल्या पेस्ट्रीचा हा वंशज. गयानात चवळी हाताशी होती, तिचं सारण झालं. चिनी गिरमिटिये १८५३ मध्ये 'ग्लेनटॅनर' जहाजातून ब्रिटिश गियानात उतरले. १९७० मध्ये गयानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आर्थर चुंग झाले, ते याच समाजातले.

त्याच कपाटात पाइन टार्ट (अननसाचा जॅम भरलेला त्रिकोण) आणि सलारा (लाल रंगवलेल्या खोबऱ्याची गुंडाळी) असतात. सलारा दिसायला भडक, खायला उत्तम. करंट्स रोलपेक्षा सरस असं माझं मत, भांडण झालं तरी चालेल.

---

पाटावरवंटा

भांडते. सलारा म्हणजे रंगवलेला खोबरापाव. लोण्याचे पापुद्रे कुठे, खोबऱ्याचा गोळा कुठे.

चायनीज केकसाठी मात्र येणार. आणि ब्रुकलिनच्या बाजूने एक गुण नोंदवून ठेवते: फुल्टन स्ट्रीटवरच्या ए अँड ए बेक अँड डबल्स या छोट्याशा जागेला २०१९ मध्ये जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा 'अमेरिकाज क्लासिक्स' सन्मान मिळालाय. डबल्ससाठी!

---

रोझहिल

नमस्कार. मी मॉरिशसमधून लिहितो आहे. माझे पूर्वज रत्नागिरी जिल्ह्यातून गिरमिटावर इथे आले, मराठी आम्ही शाळेत आणि मंडळात शिकतो, त्यामुळे भाषेतल्या चुका पोटात घाला. हा धागा वाचताना मला आमच्या पोर्ट लुईसच्या बाजाराची आठवण झाली, म्हणून लिहावेसे वाटले.

आमच्याकडे दाल पुरी रस्त्यावर मिळते आणि ती नेहमी जोडीने विकतात. मागताना 'एक जोडी' असेच मागायचे. दोन पातळ पुऱ्या, मध्ये मोठ्या पांढऱ्या वालाची भाजी, टोमॅटोची रुगाय (दाट रस्सा), कोथिंबिरीची चटणी, मिरची. कागदात गुंडाळून हातात. त्रिनिदादची दाल पुरी मी लंडनमध्ये खाल्ली आहे, ती आकाराने फार मोठी आणि जाड. सारण दोन्हीकडे पिवळ्या डाळीचे.

आणि चिनी जेवण तर आमच्याकडे घराघरात आहे. 'मिन फ्रि' म्हणजे तळलेल्या शेवया, माशांचे आणि चायोटेचे वाफवलेले गोळे, आणि 'बोल रांव्हेर्से' म्हणजे वाडग्यात खाली अंडे, वर चिकन-भाजी, वर भात, आणि मग वाडगा ताटात उलटा करायचा. आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी उपास-सोवळे संपले की मुले हेच मागतात. आमच्या चिनी शेजाऱ्यांचे पूर्वजही बहुतेक हाक्का.

इथे गिरमिटिये १८३४ पासून आले. ते ज्या पायऱ्या चढून आत येत तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. तुम्ही लिहिता त्या बेकरीसारखी बेकरी आमच्याकडे असती तर तिच्यात पावाबरोबर लांबट फ्रेंच बॅगेट पावही असते.

---

इतिहासाचा_कीडा

रोझहिल, तुमच्या मराठीत काढायला चूक सापडली तर कळवतो, अजून सापडली नाही. मॉरिशसवर एक स्वतंत्र धागा काढाच. मुंबई बंदरातून गेलेल्यांबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं. त्रिनिदादला मराठी माणूस अभावानेच गेला, मॉरिशसला गावंच्या गावं.

---

टोरांटोची_ताई

हाक्का शब्द निघाला म्हणून आले. आमच्या स्कारबरोत 'हाक्का' पाटी दिसली की आत चिली चिकन आणि मंचुरियन मिळतं, कारण ही मंडळी कलकत्त्याच्या टांग्रा या चिनी वस्तीतून इथे आली. आणि त्याच परिसरात जमैकन, त्रिनिदादी चिनी लोकांचीही दुकानं. एकाच समाजाच्या दोन फांद्या, एक कलकत्त्यात सोया सॉसमध्ये हिरवी मिरची घालून बसली, दुसरी किंगस्टन आणि पोर्ट ऑफ स्पेनला थाइम घालून. मुंबईच्या नाक्यावरची चायनीजची गाडी ज्यांना प्रिय आहे, त्यांनी त्रिनिदादी फ्राइड राइस अवश्य खावा. शेजवान सॉस शोधू नका मात्र.

ज्यांच्या गावात बेकरी नाही त्यांच्यासाठी बाराची कृती. मी घरी करते, जमतो.

दोन वाट्या मैदा, अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, चमचाभर इन्स्टंट यीस्ट, चिमूटभर साखर, मीठ. कोमट पाणी घालत घालत सैल भिजवा. पोळीच्या कणकेपेक्षा पुष्कळ सैल, हाताला चिकटेल इतकं. इथे घाबरून वर मैदा घातलात की बारा चिवट झालाच म्हणून समजा. तेलाचा हात लावून, झाकून तास-दीड तास ठेवा. मग लिंबाएवढे गोळे करून पुन्हा दहा मिनिटं. लाटायचं नाही. तेल लावलेल्या तळहातावर थापून पसरायचं. तेल कडकडीत हवं, एका बाजूला दहा-पंधरा सेकंद, उलटायचं, काढायचं. रंग येऊ द्यायचा नाही. लगेच एकावर एक रचून फडक्यात गुंडाळायचे, त्या वाफेने ते मऊ होतात. पुरीसारखा टम्म फुगलेला, कडक बारा म्हणजे फसलेला बारा.

छोले रात्रभर भिजवून चिमूटभर खाण्याच्या सोड्यावर इतके शिजवा की बोटाने दाबले की पीठ. थोडे मुद्दाम ठेचा, रस्सा त्यानेच दाटतो. शॅडो बेनी व्हिएतनामी दुकानात मिळते, लांबट दातेरी पानं. नसेलच तर कोथिंबीर चालते, पण दुप्पट घाला आणि शॅडो बेनी म्हणून कोणाला सांगू नका.

---

निव्वळशाकाहारी

काल केले! पहिल्या घाण्याचे चिवट झाले (मैदा घातला, हो, घाबरून), नंतरचे मस्त. मुलाने विचारलं, रोज डब्याला देशील का.

---

मिरचीशेठ

मी परवा ब्रुकलिनला कामासाठी गेलो होतो. जाऊन 'हेवी' मागितलं. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'यू शुअर, डार्लिंग?' मी मान हलवली.

एवढंच लिहितो की मॉबी कडू असते ही तक्रार माझी आता राहिलेली नाही. बाटलीभर प्यालो.

पाउ मिळाला नाही. साडेबारा वाजले होते.

---

पाटावरवंटा

शेठ, वाचलात. पुढच्या वेळी पाणी नाही, हॉप्स घ्या बरोबर. कोरडा पाव तिखट जास्त लवकर उतरवतो.

लेबर डेच्या (सप्टेंबरातला पहिला सोमवार) आसपास मात्र कोणी येऊ नका, किंवा मुद्दाम या. ईस्टर्न पार्कवेवर वेस्ट इंडियन मिरवणूक असते, बेकरीची रांग कोपरा वळून जाते आणि पाउ सकाळी आठलाच संपतात.

---

अळूचंपान

एक व्यावहारिक प्रश्न. डिसेंबरात पुण्याला चालले आहे. यांचा ब्लॅक केक न्यायचा विचार आहे. टिकतो का? आणि सासूबाई अंडं खात नाहीत, रमचं तर विचारूच नका.

---

क्वीन्सकर

टिकतो, आठवडेच्या आठवडे. मनुका, प्रून, चेरी महिनोन् महिने रम आणि चेरी ब्रँडीत मुरवलेल्या असतात, काळा रंग जाळलेल्या साखरेचा. भट्टीतून काढल्यावर वरून पुन्हा रम ओततात. अंडी आणि दारू, दोन्ही भरपूर. सासूबाईंसाठी तो नाहीच.

---

पाटावरवंटा

अळूताई, सासूबाईंसाठी कुर्मा न्या. मैद्याच्या तळलेल्या कांड्या, आल्याचा वास असलेला साखरेचा पाक चढवलेल्या. अंडं नसतं आणि डब्यात महिनाभर राहतो. गल्ल्याशेजारी छोट्या पाकिटांत लटकलेला असतो. लोण्यातुपाचं काही घातलंय का एवढं विचारून घ्या.

ब्लॅक केकची नोंदणी नोव्हेंबरच्या शेवटी करा, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वही बंद करतात. अर्धा पौंडही देतात. आणि रोख पैसे न्या, कार्डाचं यंत्र बहुतेक वेळा बंद असतं.